तांब्यावर उरलेला पंख

पाटोद्यात आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, दिवाळीच्या आधी कल्हईवाला येत असे. लिंबाखाली खड्डा करून तो कोळसा पेटवी आणि भाता हलवायला आम्हा मुलांपैकी कोणाला तरी बसवी. भांडे तापले की चिमूटभर पांढरी पूड आत टाकून तो कापसाच्या बोळ्याने ती फिरवी. नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठे. मग कथील लावताच भांडे आतून चांदीसारखे उजळे. ती पांढरी पूड म्हणजे नवसागर.

कल्हई कशासाठी, हे आजीने एका वाक्यात सांगितले होते : "कल्हई गेली की आमटी कळकते." कळकलेली आमटी हिरवट दिसते, तोंडाला कशीशीच लागते आणि पोटात गेली तर मळमळ होते.

पुढे रसायनशास्त्र शिकलो आणि त्यावरच पोट भरू लागलो. एकदा अम्लांचा इतिहास वाचताना पॅरिसमध्ये १६४५ साली छापलेल्या एका पुस्तकाची माहिती समोर आली. अब्राहाम बॉस नावाच्या कारागिराचे हे पुस्तक तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने चित्र कसे काढावे, हे शिकवणारे आहे. त्यातल्या एका द्रावणात पडणारे पदार्थ असे : शिरका, मीठ, नवसागर आणि जंगाल. मला एकदम लिंबाखालचा धूर आठवला. आजी ज्याला कळकणे म्हणत होती, तेच युरोपातले चित्रकार मुद्दाम घडवून आणत होते!

या कलेचे नाव इचिंग, मराठीत अम्लरेखन. तिच्यातल्या एका चित्राची हकीकत आज सांगायची आहे. बायबलातला प्रसंग असलेले ते एक निसर्गचित्र आहे. विज्ञानाच्या मासिकात ते कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढतात, हे शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही.

कळकण्याची कला

आधी कृती समजून घेऊ. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. थर काजळीने काळा करायचा आणि सुईने त्यावर चित्र काढायचे. सुई जिथे फिरेल तिथे मेण निघते आणि तांबे उघडे पडते. मग पत्र्यावर अम्ल सोडायचे. मेणाखालचे तांबे सुरक्षित राहते, उघडे तांबे खाल्ले जाते. भांड्यात जे काम कल्हई करते, ते इथे मेण करते. फरक एवढाच की चित्रकाराने कल्हई मुद्दाम ओरखडलेली असते.

इथे शिक्षकांना एक शंका येईल. विद्युत-रासायनिक श्रेणीत तांबे हायड्रोजनच्या खाली आहे. सौम्य अम्लातून ते हायड्रोजन मोकळा करीत नाही. मग शिरक्यात ते विरघळते कसे? उत्तर हवेत आहे. हवेतला ऑक्सिजन तांब्याचे ऑक्सिडीकरण करतो आणि तयार झालेले ऑक्साइड अम्लात विरघळते. म्हणून आमटी कढत असताना जेवढी कळकत नाही, तेवढी रात्रभर भांड्यात राहिली की कळकते.

बॉसचे द्रावण याच्याही पुढे जाते. जंगाल म्हणजे तांब्याचे ॲसिटेट. त्यातले द्विसंयुजी तांबे पत्र्यातल्या धातूरूप तांब्यावर क्रिया करते आणि दोन्ही मिळून एकसंयुजी तांबे तयार होते. मीठ आणि नवसागर यांतले क्लोराइड त्याला द्रावणात धरून ठेवते. हवेतला ऑक्सिजन त्याचे पुन्हा द्विसंयुजी तांबे करतो, आणि चक्र चालू राहते. म्हणजे तांबे खाण्यासाठी तांबेच कामाला लावलेले आहे. हे द्रावण तिरप्या ठेवलेल्या पत्र्यावरून पुन्हापुन्हा ओतत, असे बॉस सांगतो. ओतताना त्यात हवा मिसळत राहते, हा त्यातला फायदा आज आपल्याला कळतो. नायट्रिक आम्लही त्या काळी वापरात होते. पण त्यात वायूचे बुडबुडे उठतात, मेणाचा थर उचलला जातो आणि रेघ फाटते. शिरक्याचे द्रावण हळू चालते, पण रेघ स्वच्छ देते.

अम्ल जितका वेळ राहील तितकी रेघ खोल जाते. खोल रेघेत शाई जास्त मावते, म्हणून ती कागदावर जास्त काळी उमटते. दूरचे डोंगर फिकट हवे असतील तर तेवढ्या रेघांवर थोड्या वेळाने रोगण लावून त्या झाकतात आणि बाकीच्यांना आणखी अम्ल पाजतात. म्हणजे चित्रातले दूर आणि जवळ अम्लाला दिलेल्या वेळाने ठरते.

शेवटी मेण पुसायचे, खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाच्या दाबयंत्रातून काढायचा. कागद खाचांत शिरून शाई उचलतो. चित्र आरशातल्यासारखे उलटे येते, आणि पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो. ही चौकट लक्षात ठेवावी, पुढे ती साक्षीला येणार आहे.

एक पत्रा, दोन गोष्टी

रेम्ब्रांट (१६०६–१६६९) हा हॉलंडमधला चित्रकार. त्याने सुमारे ३०० अम्लरेखने केली. त्यांपैकी १६५३ च्या सुमाराच्या एका चित्राला 'इजिप्तकडे पलायन' म्हणतात. बायबलातली गोष्ट आपल्या मुलांना परकी वाटू नये अशी आहे. हेरोद राजाला कळते की आपल्या राज्यात एक बालक जन्मले आहे, ते पुढे राजा होईल. तो बेथलेहेममधल्या तान्ह्या मुलांना मारण्याचा हुकूम देतो. योसेफ, मरिया आणि बाळ येशू यांना घेऊन रातोरात देश सोडतो. राजाची भीती, नवजात बालक आणि रात्रीचा प्रवास म्हटले की आपल्याला कंस, वसुदेव आणि यमुना आठवणारच.

चित्रात मात्र ही माणसे लहान आहेत. सौताड्याच्या दरीकाठी उभा असलेला माणूस समोरच्या कड्यावरून पाहिला तर जेवढा दिसेल, तसे त्यांचे प्रमाण. पसरलेला मुलूख, झाडी आणि दूरचे क्षितिज यांनी बहुतेक कागद व्यापला आहे. उजव्या बाजूला खाली गाढवावर मरिया आणि बाळ, सोबत योसेफ. त्यांच्या वर दाट झाडी. आता त्या झाडीकडे नीट पाहावे. पानांच्या रेघांमध्ये एक लांब, वळणदार आकार दिसतो. तो फांदीचा नाही. तो एक पंख आहे!

योसेफ-मरियेच्या या प्रवासात एवढा मोठा पंख कोणाचा?

हा पत्रा मुळात रेम्ब्रांटचा नव्हताच. तो हर्क्युलिस सेगर्स या हॉलंडमधल्याच, त्याच्याहून वडील चित्रकाराचा होता. सेगर्सने त्यावर बायबल-परंपरेतलीच दुसरी गोष्ट काढली होती. तोबियास नावाचा तरुण दूरच्या प्रवासाला निघतो. त्याच्या सोबतीला राफाएल हा देवदूत असतो, पण तो देवदूत आहे हे मुलाला ठाऊक नसते. वाटेत नदीत एक मोठा मासा मिळतो. त्या माशाच्या पित्ताने पुढे तोबियासच्या आंधळ्या बापाला दृष्टी येते. सेगर्सच्या चित्रात तोबियास आणि पंखधारी राफाएल उजव्या भागात मोठे काढलेले होते.

सेगर्सलाही ही कल्पना दुसऱ्याकडून मिळाली होती. फ्रँकफर्टला जन्मलेला आणि रोममध्ये राहिलेला आडाम एल्सहायमर (१५७८–१६१०) याने तोबियासचे चित्र रंगवले होते. हेन्ड्रिक हाउट याने १६१३ मध्ये त्यावरून तांब्यावर कोरून छाप काढले. ते छाप हॉलंडमध्ये पोचले आणि सेगर्सने त्यावरून आपले अम्लरेखन केले. एका गोष्टीचा प्रवास रोमपासून ॲम्स्टरडॅमपर्यंत असा तांब्याच्या पत्र्यांवरून झाला.

पुढे सेगर्सचा पत्रा रेम्ब्रांटच्या हाती आला. त्याने तोबियास आणि देवदूत खरवडून काढले, त्या जागी झाडी काढली आणि खाली लहानसे कुटुंब बसवले. डावीकडचा मुलूख बराचसा सेगर्सचा होता तसाच ठेवला. गोष्ट बदलली, प्रदेश तोच राहिला.

पुसले कसे, उरले कसे

तांब्यावरची रेघ खोडरबराने जात नाही. ती खाच असते. खाच घालवायची तर तिच्या आजूबाजूचे तांबे तिच्या तळापर्यंत तासावे लागते. त्यासाठी धारदार तासणी वापरतात आणि मग गुळगुळीत पोलादी हत्याराने तो भाग घोटतात. पण एवढे तासले की पत्र्यावर खळगा पडतो. खळग्यात शाई साठते आणि कागदावर डाग येतो. म्हणून पत्रा उलटा करून मागून हलके ठोकावे लागते. मोठी आकृती घालवणे म्हणजे बरेच दिवसांचे काम.

रेम्ब्रांटने सगळे पुसले नाही. काही रेघा खरवडल्या, काही राहू दिल्या आणि त्यांवर पानांच्या नव्या रेघा चढवल्या. पंखाची पिसे पानांत मिसळून जातील असा त्याचा हिशेब असावा. बहुतेक मिसळली. एक कड राहिली.

आता एखादा हुशार विद्यार्थी विचारील : "सर, हा पंख म्हणजे आपला भास कशावरून नाही? ढगात हत्ती दिसतो तसा?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे.

पहिला पुरावा चौकटीचा. सेगर्सच्या छापावरची आणि रेम्ब्रांटच्या छापावरची पत्र्याची मापे जुळतात : सुमारे २१ गुणिले २८ सेंटीमीटर. पण सारख्या मापाचे पत्रे अनेक असू शकतात, म्हणून एवढ्याने भागत नाही. दुसरा पुरावा डावीकडच्या मुलखाचा. त्यातल्या रेघा दोन्ही छापांत एकमेकींवर तंतोतंत बसतात. हाताने नक्कल केली तर रेघ कुठेतरी हलतेच. शिवाय छापावरून नक्कल केली असती तर ती छापताना उलटी आली असती. तिसरा पुरावा पंखाचा. सेगर्सच्या छापात देवदूताचा पंख जिथे आहे, नेमक्या त्याच जागी रेम्ब्रांटच्या झाडीत तो आकार आहे. तीन स्वतंत्र पुरावे एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवतात. चौथी साक्ष खुद्द रेम्ब्रांटच्या छापांची. त्याने काम चालू असताना मधूनमधून छाप काढले. त्यांना त्या पत्र्याच्या 'अवस्था' म्हणतात. त्या क्रमाने लावल्या की बदल कसकसा होत गेला ते दिसते, जसे खडकाच्या थरांवरून भूशास्त्रज्ञ काळाचा क्रम लावतो.

सेगर्सचे पुढे काय झाले? त्याचा जन्म १५८९ च्या सुमाराचा. तो रंगीत शाईने छापी, रंगवलेल्या कागदावर छापी, कधी कापडावरही छापी. त्याचे एकाच पत्र्याचे दोन छाप सहसा एकसारखे नसत. हयातीत त्याला फारसे यश आले नाही. रेम्ब्रांटचा शिष्य सॅम्युएल व्हान होग्स्ट्राटेन याने १६७८ मध्ये लिहून ठेवले आहे की सेगर्सचे छाप लोणी आणि साबण गुंडाळायला जात. आज त्याच्या ५४ पत्र्यांचे मिळून जेमतेम १८० च्या आसपास छाप जगात उरले आहेत. रेम्ब्रांटला मात्र त्याची किंमत कळली होती. १६५६ मध्ये रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले, तेव्हा त्याच्या घरातल्या वस्तूंची जी यादी झाली, तीत सेगर्सची आठ चित्रे होती. ज्याने सेगर्सचा देवदूत खरवडला, त्यानेच सेगर्सची चित्रे भिंतीवर जपली होती. नाव मात्र रेम्ब्रांटचे झाले. सेगर्स नावाचा माणूस त्या चित्रामागे आहे, हे सांगायला तो पंख उरला.

वेरूळ आणि मिरज

ही गोष्ट हॉलंडची म्हणून सोडून देता येत नाही, कारण असे पंख आपल्याकडेही आहेत.

तांब्यावर कोरणे आपल्याला नवे नव्हते. राजांची दानपत्रे शतकानुशतके ताम्रपटांवर कोरली जात. जुना मजकूर ठोकून बुजवून त्यावर नवा कोरलेले ताम्रपटही अभ्यासकांना मिळाले आहेत, आणि खालची पुसट अक्षरे वाचून कधीकधी जुने दानही कळते. पण ताम्रपट वाचण्यासाठी असे, छापण्यासाठी नव्हे. त्याला शाई लावून कागद दाबला जात नसे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार काम करीत असे. त्यांच्यासाठी काम करणारा एक पुणेकर कलावंत होता : गंगाराम तांबट. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या २४ दृश्यांचे पुस्तक काढले. ते अम्लरेखनाच्याच ॲक्वाटिंट नावाच्या प्रकारातले आहे. त्यात पत्र्यावर राळेचे बारीक कण चिकटवतात, अम्ल कणांच्या मधल्या फटींत शिरते आणि रेघेऐवजी शाईची सलग छटा मिळते. आपल्या मराठवाड्यातला डोंगर आणि त्यातली देवळे अशी अम्लाच्या साह्याने तांब्यावर उतरली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नावे वेल्स आणि डॅनियल यांची आहेत. गंगारामची स्वतःची चित्रे मात्र टिकली. त्यांतली बरीच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत, आणि त्यांवरून गंगाराम हा माणूस अभ्यासकांना पुन्हा दिसू लागला.

दुसरी गोष्ट मिरजेची. मॅलेटच्या प्रेरणेने नाना फडणविसांनी पुण्यात एका तांबटाकरवी तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून छापण्याचा घाट घातला होता. १८०० मध्ये नाना वारले आणि काम थांबले. तो तांबट मिरजेला गेला. तिथे गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये ती गीता छापून निघाली. देवनागरी मुद्रणाच्या इतिहासात तिचे मोठे नाव आहे. विचार करा : ताम्रपटाचे सुलटे अक्षर कोरण्याची सवय असलेल्या कारागिराला प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा उलटी कोरावी लागली. 'क' चा शेपटा कुठल्या बाजूला जाईल याचा हिशेब त्याने ओळीओळीला केला असेल. या गीतेची हकीकत सांगताना नानांचे नाव येते, मॅलेटचे येते, पटवर्धनांचे येते. कारागीर मात्र सहसा 'एक तांबट' एवढाच राहतो. त्याचा पुरावा म्हणजे त्याने कोरलेली अक्षरे.

वर्गात काय करता येईल?

या सगळ्यासाठी चित्रसंग्रहालय लागत नाही. तीन साधे प्रयोग सुचवतो.

एक. तांब्याच्या दोन पट्ट्या घासून स्वच्छ कराव्यात आणि दोन्हींच्या अर्ध्या भागावर नखांना लावायचे पॉलिश लावावे. एक पट्टी शिरका आणि मीठ यांच्या द्रावणात भिजवलेल्या फडक्यात सैलसर गुंडाळावी. दुसरी त्याच द्रावणाने काठोकाठ भरलेल्या बाटलीत पूर्ण बुडवून बूच लावावे. दोन दिवसांनी पाहावे. उघड्या भागावर हिरवे कोठे जास्त आले? पॉलिशखाली काय झाले? हवेचा वाटा मुलांनीच शोधावा. हिरवा थर विषारी असतो, म्हणून पट्टी शिक्षकांनी हाताळावी आणि हात साबणाने धुवावेत.

दोन. मुलांना स्वतःचे नाव असे लिहायला सांगावे की ते आरशात सुलटे दिसेल. जोडाक्षर आले की वर्ग अडतो. मिरजेच्या तांबटाबद्दलचा आदर इथून सुरू होतो.

तीन. वहीच्या पानावर बॉलपेनने दाबून काही लिहावे आणि ते पान फाडून टाकावे. खालच्या कोऱ्या पानावर शिसपेन आडवी धरून हलकेच फिरवावी. पुसलेले, फाडलेले, नाहीसे झालेले अक्षर पांढऱ्या रेघांनी वर येते. मग मुलांना रेम्ब्रांटच्या झाडीतल्या पंखाची गोष्ट सांगावी.

गेल्या खेपेस गावी गेलो तेव्हा आजीचे पितळी पातेले माळ्यावरून खाली काढले. कल्हई बहुतेक गेलेली आहे, तळाशी हिरवे ठिपके आले आहेत. पातेल्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी आजीचे नाव आहे. भांड्याच्या दुकानात ज्याने ते घातले, त्याचे नाव त्यावर नाही. पण शेवटच्या अक्षरापाशी त्याचा एक घाव चुकलेला आहे आणि तो त्याने शेजारी दुसरा ठिपका मारून सावरला आहे. इतकी वर्षे ते भांडे वापरले, पण तो चुकलेला घाव मी पहिल्यांदाच पाहिला.